जोडणी घेण्याआधी वेग मोजा

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर जिल्हा १४ तालुक्यांचा आहे. नगर शहरात इंटरनेट सेवा देणारी कंपनी अकोले तालुक्यातल्या डोंगरवाडीत पोहोचलेली असेलच असे नाही. म्हणून जाहिरातीपेक्षा शेजाऱ्याचे घर गाठावे आणि त्याच्या वायफायवर वेग मोजावा.

साधने फुकट आहेत. ऊक्लाचे स्पीडटेस्ट आणि नेटफ्लिक्सचे फास्ट डॉट कॉम ब्राउझरमध्येच चालतात.

दुपारी एकदा आणि रात्री नऊला, सगळे घरी असताना, पुन्हा मोजावे. दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली, तर गर्दीच्या वेळी ती जोडणी दमते. राउटरजवळ वेग चांगला आणि माजघरात निम्मा असेल, तर दोष बहुधा जाड भिंतींचा. लॅपटॉपला लॅन केबल जोडली की खरे काय ते कळते.

आकडे वाचताना एक फसगत टाळावी. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे फाइल उतरते सेकंदाला जेमतेम १२.५ मेगाबाइटने. सरकारने २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली. ऑनलाइन वर्गासाठी अपलोडचा आकडाही आवर्जून पाहावा.