पाच दिवसांचा ताप आणि रक्तातली साक्ष

हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरसारख्या गावात ऐन पावसाळ्यात तीन वर्षांचे मूल तापाने फणफणले, की पहिला संशय डेंग्यूवर जातो, मग मलेरियावर, मग विषमज्वरावर. 2018 मध्ये विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली, तेव्हापासून तो ताप पसरवणाऱ्या, गोचिडीएवढ्याही न दिसणाऱ्या किड्याचा दंश अंगभर शोधावा लागतो. या गर्दीत कावासाकी आजार सहज हरवतो. जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी 1961 मध्ये त्याचा पहिला रुग्ण पाहिला आणि 1967 मध्ये 50 मुलांचे वर्णन छापले. पण निदान आजही मुख्यतः नजरेनेच होते. पाच दिवस ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, पुरळ, सुजलेले हातपाय, मानेतली गाठ. ही लक्षणे एकाच वेळी दिसतीलच असे नाही. कधी डोळ्यांची लाली ओसरल्यावर पुरळ उठते. उपचार न झालेल्या सुमारे पाचातल्या एका मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगतात. दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून दिले, तर हा धोका पाच टक्क्यांच्या आसपास उतरतो. म्हणजे निदानाला उशीर झाला, तर त्याची किंमत मूल जन्मभर मोजू शकते.

जनुकांच्या हालचालीवरून निदान करणारी तपासणी इथे उपयोगी पडू शकते. ती जंतू शोधतच नाही. शरीर कोणत्या शत्रूशी लढते आहे त्यानुसार पांढऱ्या पेशी वेगवेगळी जनुके चालू-बंद करतात, आणि त्या हुकमांच्या आरएनए-प्रती रक्तात मोजता येतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या मायकेल लेविन यांच्या गटाने सहभागी संशोधकांबरोबर 2016 मध्ये दाखवले, की फक्त दोन जनुकांवरून जिवाणूचा ताप विषाणूच्या तापापासून वेगळा काढता येतो. 2018 मध्ये त्यांनी 13 जनुकांच्या आधारे कावासाकी ओळखला आणि 2023 मध्ये एकाच रक्तनमुन्यातून 18 आजारांची वाटणी करून पाहिली. काम नाजूक आहे. आरएनए फार लवकर तुटतो, म्हणून रक्त घेतल्याबरोबर ते आरएनए टिकवणाऱ्या द्रवाच्या नळीत मिसळावे लागते. इथे हयगय झाली, तर पुढचे सगळे आकडे फसवे.

रक्तातला दाह मोजणारी सीआरपी तपासणी स्वस्त आहे, मग हा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. पण सीआरपी कावासाकीत वाढतो तसाच जिवाणूंच्या संसर्गातही वाढतो. नेमक्या ज्या दोघांत फरक करायचा, तिथेच तो गप्प बसतो. रक्ततपासण्यांनी याआधी फसवले आहे, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. क्षयाच्या अँटिबॉडी किट बाजारात सर्रास विकल्या गेल्या, आणि शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये त्यांच्याविरुद्ध शिफारस केल्यावर भारताने 2012 मध्ये त्यांवर बंदी घातली. धडा खरा आहे, पण तो आधी पडताळणी आणि मग विक्री असा आहे. लहान मुलांच्या क्षयासाठी 51 जनुकांची तपासणी दक्षिण आफ्रिका व मलावीत बेतली गेली आणि 2014 मध्ये केनियातल्या मुलांवर पारखली गेली, तेव्हा जंतू वाढवून (कल्चरने) सिद्ध झालेल्या क्षयात तिची अचूकता 83 टक्क्यांच्या घरात आली. बेतायचे एका मातीत आणि पारखायचे दुसऱ्या, हीच रीत तापाच्या या तपासणीलाही हवी.

विदर्भात तर ती जास्तच हवी, कारण इथल्या अनेक मुलांना सिकलसेल आहे. या मुलांच्या रक्तात ताप नसतानाही दाह धुमसत असतो आणि कच्च्या लाल पेशी जास्त असतात. युरोपातल्या मुलांवर ठरवलेला निकष त्यांना निरोगी असताना आजारी ठरवू शकतो. यंत्राची अडचण मात्र वाटते तेवढी मोठी नाही. गोव्यात तयार होणारे बॅटरीवरचे ट्रूनॅट यंत्र क्षयाच्या निदानासाठी छोट्या केंद्रांपर्यंत पोचले आहे, आणि 2020 मध्ये त्याच यंत्राने कोविडचा आरएनए वाचला. त्यात दोन-चार जनुकांची तुलना बसवणे अशक्य नाही. अभ्यासाची जागाही हिंगणघाटच्याच जिल्ह्यात आहे: 1969 मध्ये सुरू झालेली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, जिथे हत्तीरोग आणि क्षय यांच्या रक्ततपासण्यांवर अनेक वर्षे काम झाले आहे. तापाने दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाचे थोडे रक्त पहिल्याच दिवशी, अँटिबायोटिक सुरू होण्याआधी, आरएनए टिकवणाऱ्या द्रवाच्या नळीत जपावे. सिकलसेल असलेल्या मुलांची नोंद वेगळी ठेवावी. आणि जनुकांचे आकडे न पाहिलेल्या बालरोगतज्ज्ञांनी आजार पूर्ण उलगडल्यावर निदान लिहावे. मगच दोन्ही कागद शेजारी ठेवायचे.