घरची फरशी उताराची? मग फिशटँक भरण्यापूर्वी हे तपासा

घरात फिशटँक आणायचा म्हटले की चर्चा होते ती माशांची, फिल्टरची आणि दिव्याची. जागा मात्र ‘तो कोपरा रिकामाच आहे’ एवढ्यावर ठरते. अंजनगाव सुर्जीसारख्या काळ्या मातीच्या गावात हा कोपरा महागात पडू शकतो. फरशी खालीवर असेल तर काचेवर नको तो ताण येतो. एखाद्या रात्री जोड सुटला, तर घरभर पाणी होते आणि मासेही जातात.

फरशी असमान का असते?

पहिले कारण मुद्दाम केलेले असते. धुतलेले पाणी वाहून जावे म्हणून गवंडी फरशीला मोरीकडे किंवा दाराकडे ढाळ देतात. दुसरे कारण जुन्या घरांतील शहाबादी. तिचा पृष्ठभाग आणि सांधे क्वचितच एका पातळीत असतात.

तिसरे कारण पायाखालचे. काळी माती बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनली आहे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात त्या यामुळेच. पाया उथळ असेल तर घरही या हालचालीबरोबर थोडे थोडे हलते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी पायाची वेगळी पद्धतच विकसित केली आहे.

वजन किती पडते?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये सुमारे ५४ लिटर पाणी मावते. काच आणि खडी धरून वजन ७५ किलोच्या आसपास जाते. तीन फुटी मोठा टँक स्टँडसह सहज २०० किलोंवर जातो. म्हणजे तीन मोठी माणसे वर्षानुवर्षे एकाच जागी उभी!

उतार आणि पीळ यात फरक काय?

टँक पूर्ण तळावर टेकलेला असून एका बाजूला किंचित कललेला असेल, तर तो उतार. पाण्याची रेघ तिरपी दिसते आणि खालच्या बाजूच्या काचेवर दाब थोडा वाढतो. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहसा चालून जातो.

पीळ अधिक धोकादायक. तीन कोपरे टेकलेले आणि चौथा अधांतरी असला की तळाची काच मुरडली जाते. काच वाकून जुळवून घेत नाही. ती तडकते किंवा सिलिकॉनचा जोड सोडते. म्हणूनच टँकच्या एका कोपऱ्याखाली पुठ्ठा किंवा नाणे सरकवण्याचा नेहमीचा उपाय सर्वांत चुकीचा ठरतो.

मग करायचे काय?

- जागा ठरवताना फरशीवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर ती फरशी टाळा. भिंतीत ताजी भेग असेल तर तो कोपराही नको.
- रिकामा स्टँड ठेवून त्यावर गवंड्याची पाणसळ लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर धरून पाहा.
- प्रत्येक पायाखाली कागदाचा तुकडा सरकवून पाहा. जिथे तो सहज जातो, तो पाय अधांतरी आहे.
- दुरुस्ती टँकखाली नव्हे, स्टँडच्या पायांखाली करा. स्क्रूचे पाय असतील तर उत्तम. नाहीतर न दबणारी कठीण लाकडाची किंवा धातूची पाचर घट्ट बसवा. पुठ्ठा ओला झाला की बसतो.
- स्टँडच्या पायांखाली जाड फळी टाकली तर वजन एकाच फरशीवर न पडता पसरते.
- तळाला फ्रेम नसलेल्या काचेच्या टँकखाली थर्माकोलची शीट घाला. ती बारीक खडबडीतपणा झेलते, उतार मात्र काढत नाही. फ्रेम असलेल्या टँकला ती लागत नाही.

भरताना घाई का नको?

आधी एक तृतीयांश पाणी भरा. चारही कोपऱ्यांत वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. फरक जास्त दिसला तर टँक पूर्ण रिकामा करूनच स्टँड सारखा करा; पाण्यासह उचलणे म्हणजे काच तडकण्याला आमंत्रण. फरक नसेल तर पूर्ण भरून एक दिवस मासे न सोडता ठेवा. तळाच्या जोडावर कोरडा कागद फिरवला की गळती लगेच कळते.

काळ्या मातीत काम इथेच संपत नाही. आज सारखी असलेली फरशी पावसाळ्यानंतर तशीच राहील असे नाही. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पाऊस चांगला मुरल्यावर, पाण्याची रेघ पुन्हा मोजा. पट्टी घेऊन दोन मिनिटांचे काम आहे.