विश्लेषण : मालिकेच्या एका भागावरचा विकिपीडिया लेख ‘सुधारायचा’ म्हणजे काय करायचे?

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानमालिकेचा ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ हा भाग ६ एप्रिल १९६७ रोजी एनबीसी वाहिनीवर दाखवण्यात आला. मालिकेच्या सर्वोत्तम भागांत त्याचे नाव हमखास घेतले जाते. अशा भागावर विश्वकोशात लेख लिहायचा तर कथा रंगवून सांगावी, असे चाहत्यांना वाटते. प्रत्यक्षात सुधारणेची सुरुवात कथेला कात्री लावण्यापासून होते.

कथानक किती असावे?

इंग्रजी विकिपीडियाच्या संकेतानुसार एका भागाचे कथानक ४०० शब्दांच्या आत बसवावे लागते. या भागाची कथा तर तीन वाक्यांतही मावते. डॉ. मॅकॉय यांना चुकून औषधाची जबर मात्रा टोचली जाते आणि भ्रमिष्ट अवस्थेत ते काळाच्या दारातून १९३०च्या दशकातील न्यूयॉर्कमध्ये शिरून इतिहास बदलतात. त्यांना शोधायला गेलेला कॅप्टन कर्क समाजसेविका एडिथ कीलरच्या प्रेमात पडतो. पण ती जगली तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल आणि जर्मनी जिंकेल, म्हणून तिचा अपघाती मृत्यू त्याला होऊ द्यावा लागतो.

एवढ्यासाठी वेगळा संदर्भ लागत नाही, तो भाग हाच पुरावा. मात्र ‘हा व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांना टोला होता’ असे लिहायचे असेल, तर ते एखाद्या अभ्यासकाने प्रकाशित स्वरूपात म्हटलेले हवे. संपादकाला स्वतःला तसे वाटून चालत नाही.

श्रेय नेमके कोणाचे?

लेखाचा कस लागतो तो इथे. पडद्यावर लेखक म्हणून हार्लन एलिसन यांचे नाव येते. प्रत्यक्षात त्यांच्या संहितेवर जीन कून, डी. सी. फोंटाना, मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी अशा अनेकांचे हात फिरले. पुढे १९६८ मध्ये ह्युगो पुरस्कार मिळाला तो प्रसारित भागाला, तर अमेरिकी लेखक संघटनेने गौरवली ती एलिसन यांची मूळ संहिता. म्हणजे नाव एक, संहिता दोन, पुरस्कारही दोन. ‘या भागाला दोन पुरस्कार मिळाले’ हे घाईचे वाक्य म्हणूनच चुकीचे ठरते.

‘स्कॉटी’चा वाद काय?

एलिसन यांनी लाडक्या स्कॉटीला अमली पदार्थ विकताना दाखवले होते, असे रॉडनबेरी सांगत. एलिसन यांनी मूळ संहिता पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तिच्यात हा धंदा करतो तो बेकविथ नावाचा अधिकारी. स्कॉटीचा त्याच्याशी संबंध नाही.

आता संपादकाने काय करावे? रॉडनबेरींच्या विधानाला संदर्भ आहे, म्हणून ते तसेच लिहिणे सोपे. पण मग कोणी तरी तो लेख वाचून बातमी करणार, आणि उद्या तीच बातमी लेखाला पुरावा म्हणून जोडली जाणार. हे वर्तुळ एकदा पूर्ण झाले की तोडणे अवघड. शिवाय एलिसन २०१८ मध्ये गेले, खुलासा करायला ते नाहीत. अशा वेळी ‘रॉडनबेरी यांचा दावा असा होता, प्रसिद्ध संहितेत मात्र असे आहे’ असे दोन्ही नावानिशी द्यावे लागते. एलिसन हेही या वादातले एक पक्षकारच, त्यामुळे त्यांच्या पुस्तकातील तक्रारीही त्यांच्याच नावावर टाकायच्या.

लेख उडू शकतो का?

हो. इंग्रजी विकिपीडियावर २००७-०८ मध्ये सुट्या भागांवरील लेखांवरून एवढी जुंपली, की प्रकरण तिथल्या लवाद समितीपर्यंत गेले. स्वतंत्र संदर्भ नसलेला लेख सहसा भागांच्या यादीत विलीन होतो. टिकलेला लेख ‘चांगला लेख’ ठरायचा, तर तो न लिहिलेला संपादक संदर्भ, तटस्थपणा आणि चित्राचा परवाना तपासतो.

मराठीत आणायचा झाल्यास?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. इंग्रजी लेखाचा अनुवाद चालतो, मात्र मूळ लेखाचा उल्लेख बदलांच्या नोंदीत करावा लागतो. आणि तळटीपा डोळे झाकून उचलू नयेत. स्कॉटीसारखे दावे बहुधा तिथूनच येतात. शंका असेल तर लेखाच्या ‘चर्चा’ पानावर आधी विचारता येते, मोबाइलवरूनही.