गंजले म्हणजे मेले नव्हे

घराच्या माळ्यावर, गोठ्याच्या कोपऱ्यात, नाहीतर पेटीच्या तळाशी एखादे जुने हत्यार पडलेले असते. कुठे पटाशी, कुठे रंधा, कुठे विळा. खंडेनवमीला आपण ते बाहेर काढतो. हळदकुंकू वाहतो, झेंडूचे फूल ठेवतो. दसरा सरला की पुन्हा आत टाकतो. वर्षभर त्याच्यावर गंज चढत राहतो. मग एक दिवस भंगारवाला दारात येतो आणि आपण ते किलोच्या भावाने देऊन मोकळे होतो.

भंगारवाला कशाचे पैसे देतो? लोखंडाच्या वजनाचे. पण हत्याराचे मोल वजनात नसते, धारेत असते. तीच पटाशी नवी घ्यायला दुकानात जा, म्हणजे फरक कळेल. ज्याचे पोट हातावर आहे, त्याला हा फरक लहान नाही.

तेव्हा पहिली गोष्ट मनात पक्की करा. गंज हा हत्याराचा रोग आहे. तो बहुधा बरा होतो. तडा हे हत्याराचे मरण आहे. त्याला औषध नाही. रोग कोणता आणि मरण कोणते, हे ज्याला ओळखता आले, त्याला जुने हत्यार पारखता आले.

गंज कसा चढतो?

कोकणातली जांभ्याची माती तांबडी का असते? तिच्यात लोखंड असते. ते हवेतल्या प्राणवायूशी जोडले गेलेले असते, म्हणून तांबडे दिसते. खाणीतले लोखंडही बहुतेक अशाच रूपात सापडते. भट्टीत तापवून त्यातला प्राणवायू काढून घेतला, की आपल्या कामाचे लोखंड हाती येते. पण लोखंडाची ओढ पुन्हा मातीकडेच! पाणी आणि हवा मिळाली, की ते परत तांबडे होऊ लागते. हाच गंज.

ॲल्युमिनियमवरही असा एक थर चढतो. पण तो घट्ट चिकटून बसतो आणि आतला धातू झाकतो. गंज तसा नाही. तो भुसभुशीत असतो. त्याचे पापुद्रे सुटतात, आत पाणी शिरते आणि खालचे लोखंड पुन्हा गंजते. म्हणून गंज आपण होऊन थांबत नाही.

मिठाने गंजाला जोर येतो. समुद्रकाठच्या गावात हत्यारे लवकर खराब होतात, ती यामुळेच. आपल्या घामातही मीठ असते. घामट हाताने हत्यार वापरले आणि तसेच ठेवून दिले, तर काही दिवसांनी बोटांचे ठसे गंजात उमटलेले दिसतात.

विकत घेताना काय बघावे?

पुण्याचा जुना बाजार बुधवार-रविवारचा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखला जातो. मुंबईचा चोर बाजार तर सर्वांना ठाऊक आहे. तालुक्याच्या आठवडे बाजारातही कोणीतरी गोणपाट पसरून जुनी हत्यारे मांडून बसलेला असतो. तिथे घाई करू नये. कुंभाराकडे मडके घेताना आपण ते वाजवून घेतो ना? हत्यारही तसेच घ्यावे.

काही हत्यारे बिडाची असतात. लोखंडी रंध्याचा सांगाडा आणि शिकंजा ही बहुधा बिडाची असतात. बीड कडक, पण ठिसूळ. पडले की तडकते आणि त्याला सांधा नीट बसत नाही. म्हणून रंध्यातले पाते काढा, सांगाडा दोन बोटांत सैल धरा आणि लाकडाच्या तुकड्याने हलकेच वाजवा. खणखणीत नाद आला तर ठीक. भदभद आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. ठेवा खाली. वर नवा कोरा रंग दिसला, तर जास्तच बारकाईने बघा. रंगाखाली तडाही लपतो आणि डागडुजीही लपते.

पटाशी आणि रंध्याचे पाते यांत पोलाद किती उरले आहे ते बघा. पूर्वीच्या पुष्कळ हत्यारांत सगळे पाते पोलादी नसे. साध्या लोखंडाला धारेपुरती पोलादाची पट्टी जोडलेली असे. ती झिजून संपली असेल, तर उरलेले लोखंड दिसायला चांगले, पण धार धरणार नाही. मग पात्याची सपाट बाजू, म्हणजे पाठ, बघा. धारेजवळ पाठीवर गंजाचे खोल खळगे असतील, तर धार दातेरी येईल. खळगे दुसरीकडे असतील, तर चालेल.

धारेवर निळा रंग दिसतो का? कोणीतरी चाकावर धार लावताना पाते जाळले आहे. पोलाद जादा तापले, की त्याला दिलेले पाणी उतरते आणि ते मऊ होते. खिशात एक लहान कानस ठेवा. विकणाऱ्याला विचारून धारेच्या कडेला ती हलकीच फिरवा. कानस घसरली तर पोलाद कडक आहे. लगेच चावली तर मऊ आहे. ही परीक्षा पटाशी आणि रंधा यांचीच. करवत आणि कुऱ्हाड कानशीनेच पाजवतात, त्यामुळे त्यांवर कानस चालणारच.

करवत डोळ्यासमोर लांब धरा. पाठीची रेघ सरळ दिसली पाहिजे. पाते थोडे वाकवून सोडा. ते परत सरळ झाले पाहिजे. एखादा दात गेला असेल तर अडत नाही. लागोपाठ तीन-चार गेले असतील, किंवा दातांच्या बुडाशी तडा असेल, तर घेऊ नका.

पान्याचे जबडे गोल झिजले असतील, तर तो नटावरून सटकतो आणि हाताची साले निघतात. पक्कड मिटून उजेडासमोर धरा. तोंडात मोठी फट दिसू नये.

दांडा मोडका आहे, मूठ नाही, म्हणून मात्र चांगले हत्यार सोडू नका. दांडा नवा बसतो.

हिशेब करा

समजा, नवी पटाशी ४०० रुपयांना आहे आणि जुनी १५० ला मिळते. नवी मूठ ४० रुपये. पॉलिश पेपर, रॉकेल, तेल मिळून ४० रुपये. एकूण झाले २३०. म्हणजे १७० रुपये वाचले. पण त्यात तुमचा अर्धा दिवस गेला. तो दिवस पावसाळ्यातला रिकामा असेल, तर सौदा चांगला. मजुरी बुडवून तो दिवस घालणार असाल, तर नवी पटाशी स्वस्त पडेल. दाम विचारण्याआधी हा हिशेब मनात मांडावा.

आणखी एक. वस्तू फारच स्वस्त मिळत असेल, तिच्यावरचे नाव नुकतेच घासून काढलेले दिसत असेल, तर हात आखडता घ्या. माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला कारण असताना घेणे, हा गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कायद्याचे सोडा. ते हत्यार आपल्यासारख्याच कोणाच्या तरी हातचे काम काढून आणलेले असते. विकणाऱ्याचे नाव, तारीख आणि रक्कम कागदावर लिहून घ्यावी. भला विकणारा याला नाही म्हणत नाही.

गंज कसा काढावा?

१. हत्यार आधी धुऊन पुसून कोरडे करा. वरवरचा गंज असेल तर रॉकेल लावा, तासभर ठेवा आणि तारेच्या ब्रशाने घासा. जवळ विडी नको, चूल नको.

२. गंज जाड असेल तर आंबट वापरा. तांब्यापितळेची भांडी आपण चिंचेने उजळतोच. तोच आंबटपणा गंजही सोडवतो. चिंचेच्या कोळात, किंवा शिरका म्हणजे दुकानातले व्हिनेगर, त्यात हत्यार रात्रभर बुडवून ठेवा. त्याहून जास्त नको. गंज संपला की आंबट चांगले लोखंडही खाऊ लागते. मधूनमधून काढून बघत जा.

३. सकाळी घासून धुवा. मग पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून त्या पाण्याने पुन्हा धुवा. आंबट मरते.

४. लगेच पुसा, उन्हात वाळवा आणि तेल लावा. येथे चहा पिण्यापुरतीही ढिलाई नको. ओले उघडे पोलाद बघता बघता पुन्हा तांबडे होते.

संडास धुण्याचे तेजाब वापरू नये. त्याची वाफ छातीत जाते आणि खोलीतली बाकीची हत्यारेही गंजवते. तारेच्या ब्रशाने घासताना डोळ्यांवर चष्मा असावा. आणि सगळे हत्यार चकचकीत करण्याच्या नादी लागू नये. जुन्या पोलादावर जो घट्ट काळा रंग चढलेला असतो, तो गंज नव्हे. तो लोखंड राखतो. तांबडे तेवढे काढावे, काळे राहू द्यावे.

धार आणि दांडा

पटाशीची पाठ आधी सपाट करा. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर धारेजवळचा भाग घासा. मग उताराची बाजू निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, घासा. उतार किती असावा? पात्याच्या जाडीच्या दुप्पट लांबीचा. जाडी ४ मिलिमीटर असेल तर उतार ८ मिलिमीटर. चाकावर लावायची झाली तर पाते घडोघडी पाण्यात बुडवा. बोटाला चटका बसला, की समजा फार झाले.

धार लागली हे कसे ओळखावे? आमच्या गावचे एक म्हातारे सुतार सांगत, "मास्तर, दिसते ती धार नव्हे." धारेची कड उजेडात धरा. बोथट धारेवर पांढरी रेघ चमकते. चांगली धार इतकी बारीक असते, की तिच्यावर उजेड ठरतच नाही.

छिन्नीचे डोके ठोकून ठोकून छत्रीसारखे पसरलेले असेल, तर ते आधी घासून काढा. त्याच्या ढलप्या गोळीसारख्या उडतात. डोळा गेला, तर तो कोणत्याच बाजारात जुना मिळत नाही.

हातोडीचा दांडा सैल झाला, की पुष्कळ लोक ती रात्रभर पाण्यात टाकतात. लाकूड फुगते आणि सकाळी हातोडी घट्ट वाटते. पण लाकूड वाळले की दांडा पहिल्याहून सैल होतो. दुपारी काम करताना लोखंड निसटून कोणाच्या डोक्यात बसेल, सांगता येत नाही. त्यापेक्षा नवी पाचर मारा, नाहीतर नवा दांडा घाला. आपल्याकडे बाभळीचा दांडा चांगला. लाकूड वाळलेले असावे. त्याच्या रेषा लांबीत सरळ जाव्यात, आडव्या नकोत.

दांड्याला जवसाचे तेल चोळावे. पण ते बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते. गोळा केलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. बोळे बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवा, मग टाका.

जपावे कसे?

काम संपले की हत्यार कोरड्या फडक्याने पुसा. मग तेलाचे फडके फिरवा. शिलाई यंत्राचे तेल उत्तम. बोट फिरवले तर तेल जाणवावे, पण ओघळू नये. जवसाचे तेल पात्याला नको, ते चिकट होऊन बसते. गाडीचे काळे जळके तेलही नको, ते कातडीला वाईट.

हत्यारे जमिनीवर ठेवू नका, ओल येते. ओल्या भिंतीला टेकवू नका. गोणपाटात बांधू नका, ते पाणी शोषते. रासायनिक खताच्या पिशवीत तर कधीच नको. खताचे क्षार हवेतली ओल ओढतात आणि लोखंड खातात. फळीवर खिळे मारून हत्यारे टांगावी. धारेवर धार आपटू देऊ नये. कानशीही एकीवर एक टाकू नयेत, दात मोडतात. पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा पेटी उघडून बघावी.

आणि शेवटी, आता तुम्हाला लिहिता येते. मग एक वही करा. पहिल्या पानावर आपल्या हत्यारांची यादी लिहा. कोणते हत्यार, कधी घेतले, कितीला घेतले. दुसऱ्या पानावर, उसने कोणाला दिले आणि कोणत्या दिवशी. हत्याराच्या लोखंडावर, धारेपासून दूर, आपल्या नावाचे पहिले अक्षर ठोकून घ्या. गंजाने जातात त्याहून जास्त हत्यारे विसरण्याने जातात. शेजाऱ्याने नेलेली कुदळ परत मागताना भांडण नको, वही पुरे.