संध्याकाळचा पाव

हायडेलबर्ग विद्यापीठात १९६२ साली दक्षिण आशियाच्या अभ्यासासाठी एक संस्था निघाली. २००४ साली तिथल्या ग्रंथालयात मी तीन महिने उमेदवारी केली आणि राहिले एका जर्मन कुटुंबात.

पहिल्या संध्याकाळी पुढ्यात काय आलं? काळा पाव, चीज, खारवलेल्या काकड्या. सारं गारढोण! पाहुणीला शिळंपाकं वाढतात, म्हणून रात्री उशीत तोंड खुपसून रडले. (दहानंतर आवाज करायचा नाही, हा तिथला दंडक!) आठवड्यानं बिऱ्हाड हलवायचं ठरवून आजीबाईंना सांगायला गेले.

"अगं, आमचं गरम जेवण दुपारचं," त्या म्हणाल्या, "रात्रीच्या जेवणाचं नावच 'आबेंटब्रोट', संध्याकाळचा पाव!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेगडी माझ्या हवाली केली. मी वरणभात रांधला. आजीबाईंनी तो पावावर पसरून खाल्ला.