रात्रीची गोळी, सकाळची झापड

नैराश्यात झोप मुळातच बिघडलेली असते. पहाटे जाग येते आणि मग डोळा लागत नाही. त्यामुळे नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्यावर झोपेत पडलेला फरक आजार हटल्याचा की औषधाचा, हे सांगणं कठीण जातं. म्हणूनच ही औषधं निरोगी स्वयंसेवकांना देऊन पाहिली जातात.

दिवसा झापड किती उरते हे पाहायला नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टची चाचणी सर्वांत बोलकी. औषध घेतलेला माणूस खऱ्या महामार्गावर, खऱ्या रहदारीत सुमारे १०० किलोमीटर गाडी चालवतो. वेग ताशी ९५ ठेवायचा आणि लेन सोडायची नाही, एवढंच काम. शेजारी प्रशिक्षक, त्याच्याही पायाशी ब्रेक. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यापासून गाडी किती सेंटिमीटर इकडेतिकडे सरकते, हे कॅमेरा टिपतो. मग ते आकडे दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या आकड्यांशी ताडून बघतात.

अमिट्रिप्टिलिन आणि मिर्टाझापिन ही नैराश्यावरची औषधं घेतलेल्यांची गाडी सुरुवातीचे काही दिवस जास्त झुलते. मेंदूला जागं ठेवणाऱ्या हिस्टामिनचं काम ही औषधं अडवतात. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी पेंग येते तीही त्यामुळेच. शिवाय मिर्टाझापिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला २० ते ४० तास लागतात. रात्री घेतलेली गोळी सकाळी ऑफिसातही सोबत असते.

फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्याच गोळ्यांचा प्रकार नेमका उलटा. गाडी बहुधा सरळ चालते, बिघडते ती रात्र. स्वप्नांची म्हणजे रेम झोप एरवी साधारण ९० मिनिटांनी येते आणि रात्रीचा चौथा-पाचवा हिस्सा व्यापते. या गोळ्या तिला लांबवतात, आखडतात. मधेच जागही जास्त येते. गोळी अचानक थांबवली की दाबलेली रेम झोप उसळून येते आणि स्वप्नांचा नुसता गोंधळ उडतो. फेनेल्झिन या जुन्या औषधाने तर ती जवळजवळ नाहीशीच होते, तरी माणसं आपापली कामं करत राहतात! रात्रीच्या झोपेचा आलेख बिघडला म्हणून दिवस बिघडतोच असं नाही, आणि रात्री ढाराढूर झोपलेला माणूस सकाळी हुशार असेलच असंही नाही.

आपल्याकडे मायग्रेनसाठी किंवा मधुमेहात पायांची आग होते म्हणून अमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी सर्रास लिहून दिली जाते. नैराश्य नसलेली ही माणसं त्या स्वयंसेवकांच्या जवळची. गुंगी बहुतेकांची आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. तोवर सकाळी दुचाकी काढू नका, दारू टाळा, गोळी रात्री किती वाजता घ्यायची हे डॉक्टरांना विचारा आणि आपल्या मनाने ती बंद करू नका.