प्रतिकृती : एक पायरी

तैलचित्रण शिकणारा विद्यार्थी पुष्कळदा प्रथम थोर चित्रकारांच्या चित्रांच्या प्रतिकृती करतो. हॉलंडच्या व्हर्मीर याने सतराव्या शतकात एक साधा घरगुती प्रसंग रंगविला : खिडकीजवळ उभी राहून दासी दूध ओतीत आहे. अशा चित्राची प्रतिकृती करताना आधी रेखाटन होते. मग एकाच तपकिरी रंगात छायाप्रकाश ठरतो. त्यावर रंगांचे थर चढतात. रंगातील जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही; हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते. म्हणून खालच्या थरात तेल कमी व वरच्या थरात अधिक असावे लागते. हा क्रम उलटला, तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा मऊच राहतो आणि चित्राला भेगा पडतात.

प्रतिकृतीने हात तयार होतो, दृष्टी सूक्ष्म होते. सावलीतही रंग असतात, हे तेव्हाच उमगते. परंतु प्रतिकृती ही पायरी होय, मुक्काम नव्हे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पाश्चात्त्य चित्रपद्धती शिकले. परत आल्यावर त्यांनी रंगविला तो मात्र रंकाळा व कोटितीर्थ यांच्या काठचा प्रकाश. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावयास शिकावे, ते अखेर स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावे म्हणून.